वाचकांचे प्रश्न : मोबाइलमधली कार्डं आणि बिलाचा काउंटर

प्रश्न : पाकीट फुगायला लागलं म्हणून दुकानांची पॉइंटची कार्डं मोबाइलमध्ये घेतली. दादरच्या एका दुकानात बारकोड झटकन लागतो, घराजवळच्या दुकानात मात्र काही केल्या स्कॅन होत नाही. मागे रांग खोळंबते. मोबाइल बिघडलाय का? (एक वाचक, माहीम)

उत्तर : मोबाइल ठीक आहे, फरक स्कॅनरचा आहे. ज्यातून बारीक लाल रेघ पडते तो बहुधा जुना लेझर स्कॅनर. छापील पट्ट्यांवर ही रेघ पडली की पांढऱ्यावरून उजेड जास्त परततो, काळ्यावरून कमी, आणि त्यावरून तो आकडे वाचतो. मोबाइलच्या काचेवरून मात्र हा उजेड आरशावरून जावा तसा भलतीकडेच जातो. पडद्याचा स्वतःचा उजेड लेझरच्या कामाचा नसतो, त्यामुळे ब्राइटनेस वाढवूनही तिथे फारसं साधत नाही. नव्या पद्धतीचा स्कॅनर कोडचा चक्क फोटो काढतो, त्याला पडदा चालतो. ओळखायची खूण सोपी : काउंटरवरचा स्कॅनर क्यूआर कोड वाचत असेल तर तो फोटोवाला. एका रेघेच्या लेझरला क्यूआर वाचता येत नाही.

फोटोवाला असूनही लागत नसेल तर आपल्या बाजूने पाहा. ब्राइटनेस पूर्ण ठेवा. डार्क मोडमुळे कोड काळ्यावर पांढरा दिसत असेल तर लाइट मोड करा. उलटा कोड बरेच स्कॅनर घेत नाहीत. बाजूच्याला दिसू नये अशी प्रायव्हसी काच लावली असेल तर पडदा स्कॅनरच्या अगदी समोर हवा. मोबाइल स्कॅनरला चिकटवू नका, साधारण वीतभर लांब धरा आणि किंचित कलता करा, म्हणजे वरच्या ट्यूबलाइटची चकाकी कोडवर येणार नाही. एक चूक तर फारच जण करतात : कोड मोठा दिसावा म्हणून बोटांनी झूम करतात. बारकोडच्या दोन्ही टोकांना कोरी पांढरी जागा असते, कोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते स्कॅनरला तिच्यावरूनच कळतं. झूममध्ये नेमकी तीच कापली जाते. मोठा कोड हवा तर मोबाइल आडवा धरा.

आणि तरीही नाही लागला, तर बारकोडखालचा नंबर कॅशियरला सांगा. पट्ट्या म्हणजे तोच नंबर यंत्रासाठी लिहिलेला. 13 आकडी कोड असेल तर शेवटचा आकडा आधीच्या 12 आकड्यांवरून काढलेला असतो, टाइप करताना झालेली चूक पकडता यावी म्हणून. कार्ड मोबाइलमध्ये घेताना खालचा नंबर दिसतोय ना, हे म्हणूनच आवर्जून पाहा.

प्रश्न : गूगल वॉलेटमध्ये कार्ड कसं घालायचं? प्लास्टिकचं टाकून देऊ का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : हे ॲप भारतात मे 2024 मध्ये अँड्रॉइडवर आलं. ‘ॲड टू वॉलेट’ दाबा, लॉयल्टी कार्ड निवडा, दुकानाचं नाव शोधा आणि कार्डावरचा बारकोड कॅमेऱ्यासमोर धरा. प्लास्टिकचं कार्ड इतक्यात टाकू नका. मोबाइलवरचा कोड त्या दुकानात एकदा लागू द्या. दुकानाच्या स्वतःच्या ॲपमधला कोड दर थोड्या वेळाने बदलत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट कामाचा नाही. न बदलणाऱ्या कोडचा जरूर काढून ठेवा, मॉलच्या तळघरात नेटवर्क नसतं तेव्हा तोच वाचवतो.

प्रश्न : पॉइंट वापरताना कॅशियर ओटीपी मागतो. द्यावा का? (एक वाचक, घाटकोपर)

उत्तर : पॉइंट वापरायला तुम्हीच सांगितलं असेल तर द्या, पण आधी मेसेज पूर्ण वाचा. किती पॉइंट वळते होणार हे त्यात बहुधा लिहिलेलं असतं. मेसेजमध्ये बँकेचं नाव किंवा ‘खात्यातून वजा’ असं काही दिसलं तर आकडा मुळीच सांगू नका. पॉइंट मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही; पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. कार्ड दाखवायचं ते पहिली वस्तू स्कॅन होण्याआधी. बिल छापून झाल्यावर पॉइंट घालायचे तर पुष्कळदा बिल रद्द करून नव्याने करावं लागतं.

प्रश्न : मोबाइल नंबर दिला नाही तर बिल होणार नाही, असं एका दुकानात सांगितलं. हे बरोबर आहे का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : नाही. बिलासाठी नंबराची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. पॉइंट हवे असतील तर नंबर द्यावा लागेल, नको असतील तर ‘नंबर द्यायचा नाही’ एवढं म्हणणं पुरे. तरीही अडवलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

नंबर बदलणार असाल तर सगळ्या कार्डांवरचा नंबर जुनं सिम चालू असतानाच बदलून घ्या. बदलाचा ओटीपी अनेकदा जुन्याच नंबरावर येतो, आणि बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो.