“बागायतच करायची तर चार वर्षं शिकायचं कशाला?”

मी मुलांना करिअरचा सल्ला देते; बारावीच्या निकालानंतर हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. सांगोल्याकडच्या एका डाळिंब बागायतदारांनी तो विचारला, तेव्हा मुलगी शेजारीच बसली होती. तिला बी.एस्सी. उद्यानविद्या, म्हणजे फळं-फुलं-भाज्यांच्या बागायतीची पदवी करायची होती, वडिलांना ती फार्मसीला जायला हवी होती. तेल्या या डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगानं त्यांची अर्धी बाग काढावी लागली होती. पोरीनं पुन्हा त्याच मातीत हात घालू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. ही भीती मला खोटी वाटली नाही.

मी मुलीला बागेबद्दल बोलतं केलं. ती म्हणाली, “आम्ही मृग बहार धरतो, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला झाडांना फुलं आणतो. फळ वाढतं तेव्हाच पाऊस, आणि तेल्याचे जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबरच पसरतात. पावसाळा सरताना फुलं आणणारा हस्त बहार धरला तर?” वडील लगेच म्हणाले, “हस्तात पाऊस थांबला नाही तर फुलं यायला पाणी तोडून बागेला द्यायचा ताण कसा बसणार?” मग दोघं जमीन, निचरा, छाटणी, रोपं कुठून आणायची यावर असे रंगले की मी गप्प बसले. शाश्वत फलोत्पादन म्हणजे नेमकं हेच: रोग आल्यावर फवारत बसण्याआधी झाड, पाणी आणि हंगाम यांचा मेळ घालणं.

मी विचारलं, “फवारणी कोणाच्या सल्ल्यानं करता?” “दुकानदाराच्या,” ते म्हणाले. ज्या ज्ञानासाठी ते दरवर्षी पैसे मोजत होते, तेच मुलगी शिकू पाहत होती, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

नोकरीचंही झाकून ठेवलं नाही. कृषी सेवेच्या परीक्षा, बँकेतलं कृषी अधिकारी पद, रोपवाटिका, ऊतिसंवर्धनानं (टिश्यू कल्चर) रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळा, निर्यातीची पॅकहाऊस अशा वाटा आहेत; पण सरकारी जागा मोजक्या आणि खासगी कंपन्यांत बरंचसं काम विक्रीचं. ते आवडणार नसेल तर आत्ताच विचार करावा. माझा आग्रह एकच होता: प्रवेशाआधी राहुरीच्या कृषी विद्यापीठात जाऊन या, शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि ग्रामीण कार्यानुभवाच्या काळात गावात राहून त्यांनी नेमकं काय केलं ते विचारा. माहितीपत्रकापेक्षा त्यांची उत्तरं जास्त उपयोगी पडतात. सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तर त्यांना जवळचंच.

जीवशास्त्र घेऊन सीईटी दिलेली असल्यानं फार्मसी आणि उद्यानविद्या दोन्हींचे अर्ज भरता येणार होते. तसे भरायचं ठरलं. निवड मात्र राहुरी पाहून आल्यावर मुलीनं करायची, हे वडिलांनी माझ्यासमोर कबूल केलं.