बाबांनी श्रवणयंत्र घेतलं, पण "कलकलाट होतो" म्हणून लावतच नाहीत. दुसरं घ्यावं का?

यंत्र बदलायची घाई करू नका. वर्षानुवर्षं कमी ऐकू आलं की पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज गाळून टाकायची मेंदूची सवय मोडते. यंत्र लावलं की ते सगळं एकदम अंगावर येतं, स्वतःचा आवाजही घागरीत बोलल्यासारखा घुमतो. माझ्या आईचं हेच झालं. पहिला आठवडा आम्ही रोज फक्त तासभर, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना लावलं. मग टीव्ही, मग स्वयंपाकघर, लग्नकार्य अगदी शेवटी. दीडेक महिन्यात ती सकाळी उठून स्वतःच यंत्र मागू लागली!

मात्र यंत्र ऑडिओग्रामनुसार (कोणता आवाज किती ऐकू येतो हे दाखवणाऱ्या आलेखानुसार) जुळवलेलं हवं. त्यासाठी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, दोन-तीन खेपा होतातच, आणि नेमकं काय खुपतं ते तिथे बाबांनाच सांगू द्या. यंत्र शिट्टी मारत असेल तर बहुधा इअरमोल्ड (यंत्राचा कानात बसणारा साचा) सैल असतो किंवा कानात मळ असतो. दोन्ही कान अधू असतील तर शक्यतो दोन यंत्रं घ्या, गर्दीत बोलणं कळायला खूप मदत होते. ऑनलाइन मिळणारं, नुसता आवाज वाढवणारं स्वस्त यंत्र कृपया नको. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत तपासणी होते.