कुळागरातल्या बीगलबोन ब्लॅकसाठी स्वतःची छोटी लिनक्स कशी बांधावी?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या सावई-वेऱ्याच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पंप चालू-बंद करायला आणि मातीतली ओल नोंदवायला तुम्ही बीगलबोन ब्लॅक हा छोटा संगणक-बोर्ड बसवताय. त्यावरची डेबियन ही तयार लिनक्स उठायला फार वेळ घेते, वीज गेली की एसडी कार्ड बिघडतं, म्हणून लागेल तेवढीच सिस्टिम बांधायची आहे. लिनक्स बांधायच्या दोन साधनांपैकी कोणतं घ्यावं, बिल्डरूट की योक्टो?

बिल्डरूट. एकाच बोर्डासाठी योक्टो म्हणजे एका नारळासाठी अख्खा माड तोडणं. त्याला ५० जीबीहून जास्त डिस्क लागते, इथे १५ जीबीत भागतं. फेब्रुवारीत निघणारी आवृत्ती घ्या, तिला जास्त काळ दुरुस्त्या मिळतात.

बीगलबोनची डेफकॉन्फिग (तयार सेटिंगची फाईल) लावा, मेन्यूकॉन्फिगमध्ये (निवडीच्या मेन्यूत) ड्रॉपबेअर (दुरून लॉगिन करायचा छोटा एसएसएच सर्व्हर) आणि तुमच्या प्रोग्रॅमला लागतील तेवढीच पॅकेजं निवडा आणि मेक चालवा. हे रूट होऊन करू नका, आणि फोल्डरच्या मार्गात मोकळी जागा नको. पहिल्या वेळी टूलचेनही (कंपायलर वगैरे साधनं) बांधली जाते, त्यामुळे तासभर तरी धरा. मेन्यूतून काढलेलं पॅकेज इमेजमधून आपोआप जात नाही, त्यासाठी मेक क्लीन करून सगळं पुन्हा बांधावं लागतं. नवखे हमखास इथे अडतात. तयार झालेली एसडीकार्ड इमेज अख्ख्या कार्डावर लिहा, एखाद्या पार्टिशनवर नव्हे.

बोर्ड सुरू केला आणि जुनं डेबियनच दिसलं, तर इमेजला दोष देऊ नका. बोर्डावरचं एस२ बटण न दाबता वीज दिली की बोर्ड आधी आतल्या ईएमएमसी मेमरीकडे बघतो. बटण दाबून धरूनच वीज द्या. बोर्ड उठताना काय म्हणतो ते लॅपटॉपवर बघायला लागणारी सीरियल केबल ३.३ व्होल्टचीच हवी. बोर्डावरच्या जे१ या पिनांच्या रांगेत पहिली पिन ग्राउंड, चौथी बोर्डाची आरएक्स (येणारा डेटा), पाचवी टीएक्स (जाणारा डेटा), वेग ११५२००. पडद्यावर नुसती 'सी सी सी' अशी रांग लागली तर प्रोसेसरला एमएलओ ही बूटची पहिली फाईल सापडलेली नाही. मग कार्ड पुन्हा लिहा.

आता मूळ दुखणं. नुसती सिस्टिम लहान केल्याने कार्ड बिघडायचं थांबत नाही. लिहिताना वीज गेली की लहान सिस्टिमचं कार्डही बिघडतं. तेव्हा वीज कधीही जाणार हे धरूनच बांधा. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये रूट फाईलसिस्टिम सुरू होताना लिहिण्यायोग्य करण्याचा पर्याय बंद करा. नोंदींसाठी जेनइमेजच्या (कार्डाची इमेज रचणाऱ्या साधनाच्या) फाईलमध्ये वेगळं एक्स्ट४ फाईलसिस्टिमचं पार्टिशन जोडा, ते डेटा नावाने माउंट करा. दर सेकंदाला लिहू नका. दहा मिनिटांची नोंद मेमरीत साठवा, एकदम लिहा आणि एफसिंक करा, म्हणजे ती खरोखर कार्डावर उतरते. वीज गेली तर दहा मिनिटांचे आकडे जातील. मातीच्या ओलीला तेवढ्याने काही बिघडत नाही.

फक्त वाचता येणाऱ्या रूटचा एक उपद्रव असा की ड्रॉपबेअर दर वेळी नवी किल्ली बनवतो आणि तुमचा लॅपटॉप 'होस्ट बदलला' म्हणून बोंब मारतो. ओव्हरले फोल्डरमधून (यातल्या फाईली इमेजमध्ये जशाच्या तशा जातात) ईटीसीतलं ड्रॉपबेअर डेटा पार्टिशनकडे वळवा. रूटचा पासवर्डही ठेवा. रिकाम्या पासवर्डवर ड्रॉपबेअर आत घेत नाही.

दुसरी खोच घड्याळाची. बोर्डाच्या घड्याळाला बॅटरी नाही, त्यामुळे वीज आल्यावर नोंदींवर १९७० किंवा २००० सालची तारीख पडते. कुळागरात नेट नसेल तर डीएस३२३१ हे बॅटरीवाल्या घड्याळाचं मॉड्यूल बोर्डाच्या पी९ रांगेतल्या १९ (एससीएल) आणि २० (एसडीए) या पिनांवर जोडा, पुरवठा ३.३ व्होल्टचा. कित्येक स्वस्त मॉड्यूलांत चार्जिंगचा जोड असतो आणि ५ व्होल्ट दिले की तो साध्या सीआर२०३२ सेललाही चार्ज करायला जातो. कर्नलमध्ये डीएस१३०७ चा ड्रायव्हर चालू करा (तोच डीएस३२३१ लाही चालतो), डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाईलमध्ये) आय२सी२ खाली ०एक्स६८ पत्त्यावर घड्याळ लिहा. एवढ्यावर थांबलात तर ते आरटीसी१ (दुसऱ्या क्रमांकाचं घड्याळ) होतं आणि कर्नल वेळ वाचतो आरटीसी० कडून, म्हणजे बिनबॅटरीच्या घड्याळाकडून. डिव्हाइस ट्रीच्या अलायसेस या भागात आरटीसी० हे नाव नव्या घड्याळाला द्या.

ओलीच्या सेन्सरचं ॲनालॉग आउटपुट थेट बोर्डाला लावू नका. ॲनालॉग पिना १.८ व्होल्टपर्यंतच सोसतात, त्यापुढे प्रोसेसर जातो. दोन रेझिस्टरांनी व्होल्टेज विभागा. पंपाचा रिले पिनेवर थेट चालणार नाही, पिन जेमतेम ४ ते ६ मिलिअँपिअर देते. ट्रान्झिस्टर किंवा ऑप्टोवाला (प्रकाशाने सिग्नल पोचवून पिन वेगळी ठेवणारा) रिले बोर्ड घ्या, पण पिन हाय झाल्यावर चालू होणारा. त्यासाठी पी८ रांगेतल्या ३१ ते ४६ या पिना टाळा. चालू होताना प्रोसेसर याच पिना वाचून बूटचा क्रम ठरवतो. रिलेने त्यांतली एखादी ओढली तर बोर्ड उठणारच नाही. निवडलेल्या पिनेला १० किलोओहमचा पुलडाउनही (पिन ग्राउंडला ओढून ठेवणारा रेझिस्टर) लावा, नाहीतर बोर्ड उठेपर्यंत पंप स्वतःच्या मर्जीने चालेल.