वडिलांच्या अ‍ॅम्पमधला पंधरा इंची

प्रश्न : माझे वडील गिरगावातल्या एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. त्यांचा अमेरिकन अ‍ॅम्प माळ्यावरून काढला आहे. गोदीत बोटीवरच्या एका माणसाकडून त्यांनी तो घेतला होता. आत पंधरा इंची स्पीकर आहे, मागचं लेबल गेलं आहे, लोखंडी कडेवर २२०६३१ असा आकडा ठोकलेला आहे. सूर लांबवला की बारीक खरखर येते. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, काढून नवा टाका. हा स्पीकर कोणता आणि टाकून देण्याच्या लायकीचा आहे का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : टाकू नका. निदान माझं उत्तर पुरं वाचून होईपर्यंत तरी.

लेबल गेलं म्हणून हळहळू नका. लेबलं चिकटवता येतात, उखडता येतात. लोखंडात ठोकलेला आकडा सहसा कोणी बदलायला जात नाही. अमेरिकन स्पीकरवर पहिले दोन-तीन आकडे कारखान्याचे असतात. २२० म्हणजे जेन्सन. ४६५ असतं तर ऑक्सफर्ड, १३७ असतं तर सीटीएस, ६७ असतं तर एमिनन्स. पुढचा एक आकडा वर्षाचा आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे तुमचा स्पीकर ६ने संपणाऱ्या वर्षातल्या ३१व्या आठवड्यातला. १९५६ की १९६६, हे स्पीकर सांगणार नाही, अ‍ॅम्प सांगेल. आतल्या व्हॉल्यूम-टोनच्या पॉटच्या (बटणामागच्या फिरत्या कंट्रोलच्या) पाठीवरही अशाच पद्धतीचा आकडा असतो, तोही वाचा. दोन्ही जवळपासच्या महिन्यांतले निघाले, तर बहुधा कारखान्यातून आलेला स्पीकरच अजून आत आहे. एक सावधगिरी : कोनाच्या, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या कागदी शंकूच्या, कागदावर शाईने छापलेला आकडा वेगळा. तो कोन बनवणाऱ्याचा, त्यावरून स्पीकरचं वय काढू नका.

जेन्सनमध्ये मॉडेल ‘पी’ अक्षराने सुरू होत असेल तर मॅग्नेट अल्निकोचं (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचं), ‘सी’ने होत असेल तर सिरॅमिकचं. अक्षर मिळालं नाही तर मागून बघा. दोन लोखंडी चकत्यांमध्ये काळी जाड कडी दिसली की सिरॅमिक.

आता खरखर. आधी अ‍ॅम्पची शंका फेडून घ्या. तेवढ्याच ओहमचा दुसरा चालू स्पीकर जोडा आणि तोच सूर लावा. अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा असेल तर स्पीकर काढून नुसताच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळेल. दुसऱ्या स्पीकरवर आवाज स्वच्छ आला तर तुमचा स्पीकर टेबलावर उताणा ठेवा, दोन्ही हातांची चार-चार बोटं कोनाच्या मधल्या टोपीभोवती सारख्या अंतरावर टेकवा आणि सावकाश खाली दाबा. कान जवळ न्या. मऊ, बिनआवाजी हालचाल झाली तर कॉइल (कोनामागे मॅग्नेटच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी) मोकळी आहे, मग कोनाची फाटलेली कड किंवा सुटलेली टोपी शोधा. कापडावर नख ओढल्यासारखी ‘खस्स’ आली तर कॉइल घासतेय.

माझी खात्री आहे, तुमच्याकडे खस्सच येईल. गिरगावात घर, चौपाटी हाकेच्या अंतरावर, त्यात इतके पावसाळे माळ्यावर! कॉइल ज्या फटीत हलते ती फट लोखंडाची असते, खाऱ्या हवेने तिला आतून गंज फुगतो. एकेका बाजूला टाचणीच्या डोक्याएवढाही फुगवटा लागत नाही, त्याहून कमी पुरतो.

लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत वडिलांच्या टेबलाशी बसून मी हे काम शिकले. त्यांनी मला पहिल्यांदा जे करायला दिलं तेच अजून करते. कागदी टोपीच्या कडेवर थिनर लावून डिंक सैल करायचा, टोपी उचलायची. पोस्टकार्डाची पट्टी कापायची, तिच्यावर मास्किंग टेप उलटा, चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचा आणि ती पट्टी फटीतून गोल फिरवायची. बाहेर येते तेव्हा पट्टी काळ्या-तांबड्या भुकटीने माखलेली असते. मॅग्नेट लोखंडाचा कीस धरून बसतं, फुंकर मारून तो निघत नाही. पट्टी कोरी येईपर्यंत हेच करत राहायचं. दहा वेळा, वीस वेळा.

तेवढ्याने भागलं नाही, कॉइलच वाकडी झाली असेल, तर कोन बदलायचा. इथे मात्र घाई करू नका. माझ्या हातून एकदा चूक झाली होती. गर्दीच्या दिवसांत एका हवाईयन वादकाचा जुना पंधरा इंची मी बाहेरच्या कारागिराकडे रिकोनला, म्हणजे कोन बदलायला, दिला. त्याने पीए वूफरचा, म्हणजे मंडपातल्या खर्जाच्या स्पीकरचा, जाड, जड कोन बसवला. काम नेटकं होतं, कॉइल बरोबर मध्ये होती, मीटरवर ओहमही बरोबर आले. पण वादकांनी बार (तारांवर सरकवायची धातूची कांडी) दुसऱ्या तारेवरून वर सरकवला आणि हात थांबवला. सूर वर जातोय आणि आवाज मागे राहतोय, असं झालं होतं. तो कोन मी स्वतः कापून काढला, हलक्या कागदाचा, सुरकुत्यांची कड असलेला बसवला, कॉइल मध्ये धरायला जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या लावल्या. दुसऱ्या दिवशी ते आले, अर्धा तास काही न बोलता वाजवत राहिले. म्हणून सांगते, रिकोन करणाऱ्याला आधी विचारा : कोन कुठला, किती जड? उत्तर नीट आलं नाही तर स्पीकर उचलून घरी आणा.

दुरुस्तीनंतरही त्या काळच्या जेन्सनवर आजचे १०० वॅट सोडू नका. त्याच्या मूळच्या अ‍ॅम्पबरोबर, घरात, मध्यम आवाजात वाजवा. व्हॅन शिप्ले किंवा सुनील गांगुली यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेली गाणी ज्या कानांनी ऐकली, त्याच कानांना तो स्पीकर ओळखीचा वाटेल.

प्रश्न : मी पेडल स्टील (पेडलने तारांचे सूर बदलणारी स्टील गिटार) शिकतो आहे, ई-नाइन ट्यूनिंग. ट्रान्झिस्टरचा १०० वॅटचा अ‍ॅम्प आहे. स्पीकर बदलायचा तर बारा इंची की पंधरा? रॉक गिटारचे मित्र वेगळंच सुचवतात. रोज लोकलने जायचं असतं. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मित्रांचं ऐकू नका. त्यांचा हेतू चांगला आहे, पण रॉक गिटारवाला असा स्पीकर शोधतो की जोर दिला की त्याचा आवाज फाटावा. ती फाट त्याला गोड लागते. तुम्ही तीन तारा एकदम छेडता, पेडलने त्यातली एक अर्धा-एक सूर वर नेता. आवाज तिथे फाटला तर न छेडलेले सूर ऐकू येतात आणि जुळलेली सुरावट गढूळ होते. शिवाय तुमच्या पायाखाली व्हॉल्यूम पेडल आहे. तार छेडताना ते अर्धं मिटलेलं, सूर विझू लागला की उघडत जायचं. त्यामुळे स्पीकरवर जोर सुरुवातीला येऊन संपत नाही, तो टिकून राहतो. म्हणून अ‍ॅम्प १०० वॅटचा असेल तर स्पीकर निदान २०० पेलणारा घ्या.

नुसत्या वॅटवर मात्र जाऊ नका. सेन्सिटिव्हिटी विचारा, म्हणजे एक वॅटवर एक मीटरवरून किती डेसिबल. ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट ताकद. ९७ डेसिबलचा स्पीकर १०० वॅटवर जे करतो, ते ९४ डेसिबलच्याला करायला २०० वॅट लागतात.

पेडल स्टीलवाल्यांमध्ये पंधरा इंचीचा मान मोठा आहे आणि तो खरा आहे. पेडल स्टीलवाल्यांच्या पीव्ही नॅशव्हिल ४०० या अ‍ॅम्पमध्ये ब्लॅक विडो नावाचा पंधरा इंची असतो, एमिनन्सने ईपीएस-१५सी हा स्पीकर पेडल स्टीलसाठीच काढला. पण तुमच्या ई-नाइनची सगळ्यात खालची तार बी, साधारण १२३ हर्ट्झ. ती बारा इंची सहज काढतो. सी-सिक्स या दुसऱ्या ट्यूनिंगवर गेलात तर खालचा सी ६५ हर्ट्झचा, तिथे पंधराची ऊब कळते. आज तुम्हाला बाराच पुरे, आणि तोही हलक्या निओडिमियम मॅग्नेटचा, कारण डोंबिवलीच्या फलाटावर संध्याकाळी सातला सिरॅमिकचा पंधरा इंची बॉक्स घेऊन मी एकदा चढले आहे. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

घेण्याआधी अ‍ॅम्पच्या मागे ओहम वाचा. ४ लिहिलं असेल तर ८चा स्पीकर चालेल, ताकद कमी मिळेल इतकंच. उलट करू नका.

प्रश्न : आमच्या बेंजो पार्टीकडे पीएचा अठरा इंची वूफर पडून आहे. स्टील गिटारला चालेल? – एक वाचक, लालबाग

उत्तर : नाही. ढोल-ताशाला तो राजा आहे. पण बारखाली तारेची जी चमक असते, ती ५ हजार हर्ट्झच्या आसपासपर्यंत पसरलेली असते आणि तुमचा वूफर त्याच्या खूप आधी झोपतो. विकून बारा इंची घ्या.

प्रश्न : चोर बाजारात जेबीएल डी-१३० म्हणून एक स्पीकर दाखवतात. खरा कसा ओळखायचा? – एक वाचक, वसई

उत्तर : मल्टिमीटर आणि एक पेन्सिल सेल खिशात ठेवा. खऱ्याची बास्केट (कोन धरणारी धातूची चौकट) ओतीव असते, पत्र्याची ठोकलेली नाही. मधली टोपी चकचकीत ॲल्युमिनियमची, रुंदी जवळपास चार इंच, कारण आतली कॉइलच चार इंची आहे. मॅग्नेट अल्निकोचं, जड लोखंडी डब्यात बसवलेलं. काळी सिरॅमिक कडी दिसली तर तो डी-१३० नव्हे. ‘एफ’ जोडलेला डी-१३०एफ फेंडर या गिटार-अ‍ॅम्प कंपनीसाठी काढलेला, त्यात कॉइलची फट थोडी रुंद ठेवलेली. स्टीलसाठी दोन्ही उत्तम.

मीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर ६-७ दाखवतो, १६चा १२-१३. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे, भाव त्याप्रमाणे बोला. बोटांची चाचणी तिथेच, रस्त्यावर करा, विक्रेता रागावला तरी. टोपीला पोचा असेल तर घाबरू नका, त्याने कॉइल वाकली नसेल तर आवाज बिघडत नाही.

शेवटी सेल. लाल टर्मिनलला प्लस, काळ्याला मायनस, क्षणभरच टेकवा. बहुतेक स्पीकरचा कोन बाहेर येतो. जुन्या जेबीएलचा आत जातो. हा दोष नाही, त्यांची तीच पद्धत होती. पण एकाच बॉक्समध्ये तो दुसऱ्या कंपनीच्या स्पीकरबरोबर लावलात तर खर्ज नाहीसा होईल आणि तुम्ही अ‍ॅम्पला दोष देत बसाल. तेव्हा त्याच्या दोन वायरी उलट जोडा. घरी नेताना उभा धरा, मांडीवर पालथा टाकू नका.