रिमोटवरच्या RC गाडीचे मागचे टायर आतल्या कडेनेच झिजतायत?

भावा, नवे टायर मागवायची घाई नको, आधी कॅम्बर बघ, म्हणजे मागून पाहिल्यावर चाक आत-बाहेर किती कललंय ते. बॅटरी बसवून गाडी सपाट फरशीवर ठेव, दाबून सोड, मग मोज. चाकाचा माथा आत जास्त कलला की आतली कड जाते. रस्त्यावर 1-2 अंश निगेटिव्ह (माथा आत) पुरे. जास्त असेल तर टर्नबकल (लांबी कमी-जास्त करायची आटेवाली दांडी) फिरवून चाकाला वरून धरणारी लिंक थोडी लांब कर.

एकच चाक झिजत असेल तर सेटिंगला हात लावू नकोस. ते धरून हलव: बेअरिंग ढिलं असेल, नाहीतर हिंज पिन (सस्पेन्शनचा हात ज्यावर वर-खाली हलतो ती सळई) वाकलेली.

डावं-उजवं बदलून काही होत नाही, आतली कड आतच राहते. आणि मे महिन्यात सोलापूरच्या दुपारच्या डांबरावर सॉफ्ट टायर? खोडरबर घासल्यासारखं होतं रे! ऊन उतरल्यावर चालव.