डोळ्याचं ऑपरेशन, भूल आणि हृदय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. मोतीबिंदूच्या आधी आठवडाभर रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा, असं शेजारी सांगतात. करू का? (तासगाव)

स्वतःहून मुळीच नको. आता मोतीबिंदू बहुतेक वेळा नुसत्या थेंबांच्या भुलीवर, दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून काढतात. रक्तस्रावाची भीती अगदी कमी. गोळ्या सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी धरण्याची भीती मात्र खरी. वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट आणा. डोळ्यामागे भुलीची सुई द्यायची की थेंबांवर भागवायचं, हे त्यावरही ठरतं.

प्रश्न : आईला उताणं झोपलं की दम लागतो, रात्री तीन उशा घेते. तिचं ऑपरेशन होईल का? (विटा)

होईल, पण आधी दम आटोक्यात यायला हवा. या ऑपरेशनला हृदयावर ताण फारसा येत नाही, अवघड असतं ते वीसेक मिनिटं न हलता उताणं पडणं, तेही तोंडावर कापड घेऊन. कापडाखाली जीव गुदमरला की माणूस उठायला बघतो, आणि त्या क्षणी उपकरण डोळ्यात असतं. भूल देणारा डॉक्टर म्हणून अशा कितीतरी आज्यांचा हात मी टेबलाशेजारी धरून बसलोय. दम वाढू लागला की आधी बोटं घट्ट आवळतात. तीन उशा लागणं हे हृदय थकल्याचं, फुप्फुसात पाणी साठत असल्याचं लक्षण असू शकतं. आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. औषधं बदलल्यावर घरीच एका उशीवर अर्धा तास झोपवून बघा. मोतीबिंदूचं ऑपरेशन महिनाभर थांबू शकतं.

प्रश्न : मोतीबिंदूला ईसीजी, इको, रक्ताच्या सगळ्या तपासण्या लागतातच का? (मिरज)

सरसकट नाही. २००० साली अमेरिकेत सुमारे १९ हजार ऑपरेशनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासण्या केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांत त्रासाचं प्रमाण सारखंच निघालं. मी आधी विचारतो, दोन मजले न थांबता चढता का? छातीत दुखतं, पाय सुजतात, नुकताच अ‍ॅटॅक येऊन गेलाय, अशांच्या तपासण्या मात्र टाळू नका.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाचा तिरळेपणा काढायचाय. ऑपरेशनमध्ये ठोके मंदावतात म्हणे? (पलूस)

मंदावू शकतात, विशेषतः लहान मुलांत. डोळ्याचा स्नायू ओढला की मज्जातंतूंवाटे हृदयाला मंद होण्याचा इशारा जातो. हे १९०८ पासून माहीत आहे. मॉनिटरचा टिक-टिक आवाज लांबला की मी सर्जनना एवढंच म्हणतो, "सोडा." ओढ सुटली की ठोके बहुधा लगेच सावरतात, नाहीतर ठोके वाढवणारं अ‍ॅट्रोपिन हाताशी भरून ठेवलेलं असतं. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात : आधी सहा तास जेवण-दूध बंद, आणि सर्दी-खोकला असेल तर आदल्या दिवशीच फोन.