तंबोऱ्याची गवसणी काढून ठेव

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. गुरुग्रामची कंपनी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं घर, सासऱ्यांची औषधं, लेकाची शाळा, आणि या सगळ्यात रियाज कुठे बसवू, हा तुझा प्रश्न. अशा प्रश्नाला अंगठा टेकवून उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र.

'वेळ काढ, वेळ काढ' म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नकोस. वेळ काय कपाटातून काढायची साडी आहे? तुझ्या दिवसात तो कुठेही रिकामा पडलेला नाही. रियाजाला अर्धा तास दिलास तर तो कुणाच्या तरी वाट्यातून जाणार. कुणाच्या, ते तू ठरवायचं, आणि ज्याचा जातो त्याला तोंडावर सांगायचं.

संगीतपंडित भातखंड्यांचं नाव आपण कानाला हात लावून घेतो. १९१८ साली आपलं माधव संगीत विद्यालय उभं राहिलं ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. पण माणूस पेशानं वकील, १८८७ साली कायद्याची परीक्षा पास झालेला. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत शिकणं आणि जुन्या चिजा गोळा करणं वकिलीच्या जोडीनंच चालायचं. पुढे पत्नी गेली, मुलगी गेली, आणि त्यांनी वकिली सोडून दिली. एवढ्या मोठ्या माणसालाही शेवटी हातातलं एक काहीतरी खाली ठेवावं लागलं. तुला नोकरी सोडता येणार नाही, घराचे हप्ते आहेत. मग लहान काहीतरी सोड.

डब्याला रोज दोन भाज्या करतेस, एक कर. इस्त्री बाहेर दे. गणेशोत्सवाची वर्गणी भर, पण कार्यकारिणीत नाव घालू देऊ नकोस. आणि सासूबाईंना सरळ सांग, 'आई, सकाळी सहा ते साडेसहा मी गाणार, चहा तुम्ही टाका.' आडून आडून सुचवायला जाऊ नकोस. न सांगता घेतलेला वेळ घरात सगळ्यांना खुपतो, सांगून घेतलेला हळूहळू अंगवळणी पडतो. सुरुवातीला कपबश्या जरा जोरात वाजतील. वाजू देत. खर्ज, म्हणजे खालचा सा, लावला की ऐकू येत नाहीत.

मोबाइलवरून मी तुला रागावणार नाही, ते काम करायला घरात माणसं आहेत. रात्री साडेदहाला लॅपटॉप मिटून तू रील्स बघत पडतेस, तो अर्धा तास रियाजाचा नव्हताच मुळी. दिवसभर मीटिंगमध्ये बोलून थकलेला, वर जेवलेला गळा घेऊन काय गाणार? पहाटे आवाज जड असतो, मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर तेव्हा आपणहून खाली उतरतात. ते काम दुसऱ्या कुठल्या वेळी तसं होत नाही. उलट बंदिश पाठ करायला, ऐकायला, ठेका घोकायला ताजा गळा लागत नाही. पोळ्या लाटताना तिलवाडा म्हणत जा: धा तिरकिट धिं धिं, धा धा तिं तिं, ता तिरकिट धिं धिं, धा धा धिं धिं. आपल्या ग्वाल्हेरच्या विलंबित ख्यालाचा लाडका ताल आहे. सोळा मात्रांत एक पोळी लाटून होते का बघ. लेक हसेल, पण आठवड्यात त्याचाही पाठ होईल.

आता तंबोऱ्याचं. तुझा तंबोरा गवसणीत, गवसणी दिवाणामागे आणि दिवाणावर पाहुण्यांच्या गाद्या, हे मी दिवाळीत या डोळ्यांनी पाहिलंय. तो बाहेर काढण्यातच तुझी दहा मिनिटं जाणार, लावण्यात आणखी दहा, आणि तारेखाली घालायचा जवारीचा दोरा सापडला नाही तर त्या दिवशी रामराम. गवसणी काढून टाक. लेकाचा चेंडू पोचणार नाही अशा कोपऱ्यात तंबोरा नीट टेकवून ठेव, धुळीसाठी वर जुनी ओढणी. दोऱ्याचे चार तुकडे खुंटीलाच गुंडाळून ठेव. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, कूलर लावला-बंद केला की तारा हलतात. त्या दिवसांत सरळ इलेक्ट्रॉनिक तंबोरा लाव. जाणकार नाकं मुरडतील. त्यांच्याकडे सकाळी-सकाळी शाळेची बस येत नाही.

'रविवारी तीन तास बसेन' हा बेत मात्र सोडून दे. लष्करात रविवार कुणाचा झालाय? मुंज, बारसं, साखरपुडा, आणि यातलं काहीच नसलं तर कुणीतरी 'सहज' म्हणून येतं आणि जेवूनच जातं.

संगीत विशारद परीक्षेचा फॉर्मही यंदा भरू नकोस. तुला वाईट वाटेल, पण परीक्षा आली की माणूस रागांची यादी पुरी करत सुटतो. तुला सध्या एक राग पुरे. २०२३ साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हटलं, आनंदच आहे, पण त्यानं तुझा-माझा षड्ज लागत नाही. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. तसं असतं तर तिथल्या हजीरा भागातल्या बकऱ्या ख्याल गायला लागल्या असत्या.

एक अडचण खरी आहे. सासऱ्यांची तब्येत पुन्हा बिघडली, किंवा मार्चअखेरीस कंपनीनं रात्री जागवल्या, तर तेवढे दिवस रियाज बंद ठेव. घरात सांगून बंद ठेव, आणि पुन्हा कधी बसणार ती तारीख कॅलेंडरवर लिही. रोज रात्री 'आजही राहिलं' म्हणून कुढत झोपण्यापेक्षा हे बरं. त्या दिवसांत नुसतं ऐकलंस तरी चालेल.

सध्या यमन राग घे. महिन्याभरानं ये. मी मंद्रातला निषाद आणि धैवत ऐकणार आहे, ताना ऐकवायला लागलीस तर थांबवीन. लेकाला बरोबर आण, त्याला माझ्या पेटीचा भाता मारायला आवडतो. आणि येताना जोडीच्या, म्हणजे तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा घेऊन ये. तुझ्या तंबोऱ्याची एक तार गंजलीय, बसवताना कशी ओढायची ते एकदा दाखवून ठेवते.

तुझी,
मावशी